ओढणे सोपे, थांबणे अवघड
ग्रामीण मालवाहतुकीसाठी वाहनाची निवड

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील माल बाजारापर्यंत नेण्याचे साधन गेल्या पन्नास-साठ वर्षांत पार बदलून गेले आहे. एके काळी शेतकऱ्याची सारी वाहतूक बैलगाडीवर अवलंबून होती. पुढे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीची तीनचाकी गाडी आली आणि 'टेम्पो' हे एका कंपनीचे नाव मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले. २००५ मध्ये टाटा कंपनीची 'एस' ही चिमुकली मालगाडी बाजारात आली. लोकांनी तिचे लगेच 'छोटा हत्ती' असे बारसे केले. आज गावोगाव पिकअप आहेत, ट्रॅक्टर आहेत, ट्रॉल्या आहेत. भाजीपाला, दूध, कांदा, ऊस, वीट, वाळू, पाणी आणि गावातील कचरा या सर्वांची ने-आण याच वाहनांवर चालते.

साधन बदलले, तरी ते निवडताना विचारला जाणारा प्रश्न मात्र एकच राहिला आहे. तो म्हणजे, 'गाडी किती ओढते?' शेतकरी हेच विचारतो, विक्रेता याचेच उत्तर देतो आणि ग्रामपंचायतीच्या सभेतही चर्चा याच मुद्द्याभोवती फिरते. वस्तुतः हा प्रश्न अपुरा आहे. भरलेली गाडी किती ओढते यापेक्षा ती कोठे आणि कशी थांबते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. ओढण्यात गाडी कमी पडली तर ती जागच्या जागी उभी राहते. नुकसान होते ते वेळेचे. थांबण्यात कमी पडली तर नुकसान होते ते जिवाचे.

वाहणे आणि ओढणे

निवडीचा विचार करताना दोन कामांतील फरक प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. पिकअप ओझे आपल्या पाठीवर घेतो. ट्रॅक्टर ओझे आपल्या मागे ओढतो. पाठीवरचे ओझे गाडीच्या चाकांवर दाब देते, आणि म्हणून त्या चाकांची रस्त्यावरील पकड काही अंशी वाढते. मागच्या ट्रॉलीचे ओझे मुख्यतः ट्रॉलीच्याच चाकांवर असते. ते ओढावे तर लागतेच, पण ब्रेक लावताच ते पुढच्या वाहनाला मागून ढकलू लागते.

जुना गाडीवान हा भेद शाळेत न जाताही जाणत होता. गाडीत माल मागे भरला की गाडी 'उलाळ' होते, म्हणजे मागच्या बाजूस कलते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, हे त्यास ठाऊक असे. माल फार पुढे भरला तर बैलांच्या मानेवर भार येतो, हेही तो जाणत असे. यास्तव तो चार पोती पुढे-मागे सरकवून तोल साधत असे आणि मगच गाडी जुंपत असे. बैलाच्या जागी यंत्र आले म्हणून तोलाचा हा नियम रद्द झालेला नाही. फरक एवढाच, की बैल अडून बसत असे. यंत्र तक्रार करीत नाही.

आधी ओझे मोजावे

वाहन पाहावयास जाण्यापूर्वी ओझे मोजावे, हा पहिला नियम. यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे हजार लिटरची टाकी भरली की एक टन झाला. सिमेंटचे पोते ५० किलोचे. वीस पोती म्हणजे एक टन. साध्या भाजलेल्या विटेचे वजन सुमारे तीन किलो. हजार विटा म्हणजे तीन टन. एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट. तिचे वजन साधारणपणे चार ते साडेचार टन भरते आणि वाळू ओली असल्यास त्याहूनही अधिक.

या हिशेबातून एक गोष्ट उघड होते. हौद्यात किती मावते आणि गाडीस किती पेलते, या दोन वेगळ्या बाबी आहेत. कापूस हौद्याबाहेर डोंगरासारखा रचला तरी त्याचे वजन बेताचेच असते. तेथे भय उंचीचे आणि वळणावर कलंडण्याचे. वाळू मात्र हौद्याच्या तळाशी अर्धा हात पसरली तरी पाटे वाकतात. डोळ्यांना जे थोडे दिसते तेच पुष्कळदा जड असते. म्हणून अंदाजावर न विसंबता बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकदा भरलेली गाडी नेऊन पाहणे इष्ट होय.

कागदावरील वजन

प्रत्येक मालवाहू वाहनाच्या नोंदणी पुस्तकात दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरा माल व माणसे धरून गाडीचे कमाल एकूण वजन. या दोहोंतील फरक हीच त्या गाडीची खरी क्षमता. जाहिरातीतील मोठ्या आकड्यांपेक्षा हे दोन आकडे अधिक बोलके असतात.

समजा, एका पिकअपचे कमाल एकूण वजन २,९०० किलो आहे आणि रिकामे वजन १,६०० किलो. फरक १,३०० किलोंचा. चालक व दोन माणसे बसली की सुमारे २०० किलो गेले. हौद्याला उंच लोखंडी कठडे जोडून घेतले असतील तर आणखी शंभरेक किलो गेले. उरले १,००० किलो, म्हणजे पन्नास किलोंची कांद्याची वीस पोती. त्याच गाडीत चाळीस पोती भरून ती बाजारास नेली तर गाडी कदाचित पोहोचेलही. इंजिन ओढील, पाटे वाकतील पण तुटणार नाहीत. तथापि ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग हे भाग ज्या ओझ्यासाठी बनविले आहेत, त्याच्या दुप्पट ओझे त्यांवर आलेले असेल. मागचा भाग दबल्याने पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग हवे तसे ऐकत नाही आणि रात्री दिव्यांचा झोत रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

पिकअप घेताना

ज्याचे रोजचे ओझे एक-दीड टनाच्या आत आहे, अंतर लांबचे आहे आणि माल नाशवंत आहे, त्यास पिकअप सोयीचा. जुन्नर-ओतूर भागातील भाजी माळशेज घाट उतरून कल्याणकडे रातोरात नेणे, हे काम ट्रॅक्टरचे नव्हे. अशा गाडीची निवड करताना अश्वशक्तीच्या आकड्यावर भुलू नये. अश्वशक्तीवरून गाडी किती वेगाने काम उरकील हे कळते. भरली गाडी चढावर जागेवरून हलविण्यास मात्र चाक फिरविण्याची ताकद लागते, जिला टॉर्क म्हणतात. ती इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणे महत्त्वाचे, आणि पहिला गिअर पुरेसा जड असणे त्याहून महत्त्वाचे. हे नसेल तर चालक क्लच घासून गाडी उचलतो, आणि वर्षभरात क्लच-प्लेट बदलण्याचा खर्च अंगावर येतो.

त्यानंतर पाहावयाचे ते टायर. टायरवर त्याची भारक्षमता दर्शविणारा सांकेतिक आकडा छापलेला असतो. स्वस्त मिळाले म्हणून कमी क्षमतेचे किंवा रिमोल्ड टायर भरल्या गाडीस लावणे, ही काटकसर नव्हे. हौद्याची उंची हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. दुधाचे कॅन व भाजीचे क्रेट रोज उचलून ठेवणाऱ्यास कंबरेएवढा हौदा आणि छातीएवढा हौदा यांतील फरक महिन्याभरात कळतो. फाळका तिन्ही बाजूंनी उघडणारा असेल तर चढ-उतार सुलभ होते. जड माल मागच्या आसाच्या पुढे, हौद्याच्या तळाशी ठेवावा. हलका माल वर व मागे. हा गाडीवानाचाच जुना नियम होय.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली

ज्याचे काम मुळात शेतीचे आहे, ओझे मोठे पण अंतर थोडे आहे, त्यास ट्रॅक्टर व ट्रॉली योग्य. परंतु अधिक दक्षता हवी ती येथेच. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण दोन-सव्वादोन टन असते. ऊस हंगामात असा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टनांपर्यंत ऊस ओढताना रस्तोरस्ती दिसतो. सपाट रस्त्यावर ओढण्यास फारसा जोर लागत नाही, कारण चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांचा विरोध एकूण वजनाच्या एक-दोन टक्केच असतो. म्हणून 'ट्रॅक्टर सहज ओढतो' असा समज होतो.

आता तीच गाडी उतारावर घ्या. वीस मीटर अंतरात एक मीटर उतरणारा रस्ता फारसा तीव्र वाटत नाही. तरीही वीस टनांची ट्रॉली त्या उतारावर ट्रॅक्टरला सुमारे एक टन जोराने पुढे ढकलते. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात, आणि त्या चाकांवर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दीड टनाच्या आसपासच पडते. रस्ता ओला असेल, त्यावर माती वा उसाचे पाचट पडले असेल, तर ती चाके घसरतात. ट्रॉली मग ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूस सारते आणि दोन्ही वाहने कात्रीसारखी मिटतात. ट्रॉलीस स्वतःचे चालते ब्रेक असणे, हाच यावरील खरा उपाय. ट्रॉली विकत घेताना रंग आणि पत्र्याची जाडी पाहिली जाते. ब्रेक आहेत काय, ते ट्रॅक्टरवरून लावता येतात काय, हे सर्वांत आधी पाहिले पाहिजे.

आणखी काही गोष्टी पैसा खर्च न करता करता येतात. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक-पेडल वेगळे असतात. शेतात वळताना याचा उपयोग होतो. रस्त्यावर येताच दोन्ही पेडल खटक्याने एकत्र जोडलीच पाहिजेत. अन्यथा पाय एका पेडलवर पडतो आणि ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूस वळतो. ट्रॉली नेहमी खालच्या ओढदांडीसच जोडावी. आसाच्या वर कोठे साखळी बांधून रुतलेली गाडी ओढल्यास पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकावर उलथतो. जोडपिनीस कुलूप-खिळा असावा आणि पिन निसटल्यास आधार म्हणून सुरक्षा-साखळी असावी. दोनचाकी ट्रॉलीत माल मागे भरू नये. ती उलाळ झाली की ओढदांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरील भार कमी होतो आणि पकड सुटते.

घाटातील हिशेब

वेगाचाही एक नियम आहे. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी २० किलोमीटर वेगाने ब्रेक लावल्यावर दहा मीटरांत थांबणारी गाडी ४० च्या वेगास चाळीस मीटर घेते. आणि चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही.

घाटाचा हिशेब तर शिक्षकांनी वर्गात सांगावा असा आहे. तीन टन एकूण वजनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आली, तर तिच्यातून मुक्त होणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाचे सुमारे ५० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. यातील काही भाग हवेच्या व टायरच्या विरोधात जातो. उरलेली सारी उष्णता इंजिनाने किंवा ब्रेकने सोसावयाची असते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच भार इंजिन घेते. डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर तो भार सर्वस्वी ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ओझे वाढवून गाडी पाच टनांची केली, तर पन्नास लिटरांचे ऐंशीहून अधिक लिटर होतात. ब्रेक मात्र तेवढेच राहतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा चालकांचा जुना नियम याच कारणाने खरा आहे.

पाण्याचा टँकर

उन्हाळ्यात टंचाई जाणवू लागली की गावात टँकरची निकड निर्माण होते आणि घाईने टाकी बसविली जाते. एक-सव्वा टन क्षमतेच्या पिकअपवर दोन हजार लिटरची टाकी बसविणे म्हणजे पहिल्या फेरीपासूनच गाडीवर अतिभार लादणे. ट्रॅक्टरमागील पाच हजार लिटरची टाकी म्हणजे पाच टन पाणी. टाकीचे व चाकांचे वजन वेगळेच. त्यातही अर्धवट भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा फसवी असते. पाणी हेलकावते, ब्रेक लावताच पुढे धडकते आणि वळणावर एका अंगास जाऊन टाकी कलंडविते. यासाठी टाकीत आडव्या छिद्रयुक्त पडद्या असाव्यात. खरेदीच्या अटींत ही एक ओळ घालण्यास विशेष खर्च येत नाही.

माणसे हा माल नव्हे

या विषयात सर्वाधिक गंभीर भाग माणसांचा आहे. ऊसतोडणीच्या हंगामात बीड, जालना, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात येतात. संसाराचे गाठोडे, भांडी, कोयते आणि त्यांच्यावर बसलेली लेकरे, असा प्रवास ट्रॉलीतून होतो. लग्नाचे वऱ्हाड, जत्रा, शाळेचे क्रीडा सामने यांसाठीही पिकअप आणि ट्रॉलीच जवळची वाटते. पण या वाहनांत बसण्यास आसन नाही, धरण्यास आधार नाही आणि गाडी कलंडल्यास बचाव नाही. मालाचे नुकसान भरून येते, हे वेगळे सांगावयास नको. मालवाहू वाहनातून मुलांना नेले जाणार नाही, एवढा एक ठराव प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने केला तरी बरेच साधेल.

रात्रीचा धोकाही असाच टाळता येण्याजोगा आहे. उसाने भरलेली ट्रॉली मागून येणाऱ्यास अंधारात दिसत नाही; उसाच्या भाराआड दिवा असला तरी झाकला जातो. परावर्तक पट्ट्या, मागे लोंबणाऱ्या उसाच्या बाहेर येईल असा लाल दिवा आणि नादुरुस्त गाडी रस्त्याच्या कडेस उभी करताना लावावयाचा त्रिकोणी इशारा, या वस्तूंची किंमत एका फेरीच्या भाड्याहून अधिक नाही.

कायदा आणि रस्ता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रॉली हेदेखील मोटार वाहनच मानले जाते. तिचीही नोंदणी व विमा आवश्यक ठरतो. केवळ ट्रॅक्टरचा विमा पुरेसा समजू नये. शेतीसाठी नोंदविलेला ट्रॅक्टर भाड्याने वाळू-विटा वाहू लागला, तर अपघातानंतर विम्याची रक्कम मिळण्यात वाद निर्माण होतो, आणि त्या वादात भरडले जाते ते मृताचे कुटुंब. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. अतिभारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड सांगितला आहे. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही.

अतिभाराचा दुसरा दंड गाव भरते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेण्यात आल्या. आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी ढोबळमानाने त्या भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. म्हणजे आसावरील भार दुप्पट झाला तर हानी सोळापट. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून अनेक वाड्या-वस्त्यांना पक्का रस्ता मिळाला. तो रस्ता पावसाने खचला असे म्हटले जाते. पुष्कळदा पावसाने केवळ शेवटचा घाव घातलेला असतो. आधीचे घाव अतिभारित गाड्यांनी घातलेले असतात. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत नेऊन वाचविलेले डिझेल, त्याच रस्त्याच्या खड्ड्यांतून चालताना पुन्हा खर्ची पडते.

ग्रामपंचायतीने काय करावे

घंटागाडी, टँकर किंवा अन्य वाहन घेण्याचा ठराव करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने आठ दिवस प्रत्यक्ष ओझ्याची नोंद ठेवावी. किती किलो, किती अंतर, किती चढ-उतार आणि रस्ता कोणता, असे चार रकाने पुरेसे आहेत. आठ दिवसांतील सर्वांत जड दिवसाच्या ओझ्यात पंचवीस टक्के वाढ धरून क्षमता ठरवावी. दरपत्रके मागविताना किमतीबरोबर रिकामे वजन, कमाल एकूण वजन, ब्रेकचा प्रकार, टायरची भारक्षमता आणि सुटे भाग मिळण्याचे जवळचे ठिकाण ही माहिती लेखी घ्यावी. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ठरलेले ओझे भरून गावातील सर्वांत अवघड उतारावर ती चालवून, थांबवून पाहावी. चढावर ती चढते की नाही, ही परीक्षा नंतर घेतली तरी चालेल.

शिक्षकांनी वजन, वेग व उतार यांची उदाहरणे पुस्तकाबरोबरच गावच्या रस्त्यावरूनही घ्यावीत. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, हे ज्या मुलास समजले, ते मूल आपल्या वडिलांना पिकअपवर दोन हजार लिटरची टाकी चढविताना एकदा तरी हटकील. हंगामाच्या आरंभी गावातील प्रत्येक ट्रॉलीचे ब्रेक, पिन, साखळी आणि मागील पट्ट्या एका दिवशी एकत्र तपासण्याचा प्रघात गावानेच पाडावा. कारखाना, बाजार समिती आणि परिवहन खाते यांचे साहाय्य त्यास घेता येईल.

गाडी ओझ्यासाठी असते आणि ओझे माणसाच्या पोटासाठी वाहिले जाते. बाजारास गेलेली गाडी माल विकून सायंकाळी सुखरूप घरी परतावी, हीच वाहनाच्या योग्य निवडीची अखेरची कसोटी होय.